मोड्यूलचा अकरावा जन्म

संगणकाचे पडदे जाडजूड होते त्या काळी, एका दवाखान्याच्या संगणकात एक छोटा मोड्यूल, म्हणजे एकच काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, राहायचा. जुन्या एक्स-रे यंत्राचं बोलणं तो संगणकाचा सगळा कारभार चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रामला, कर्नलराजाला, समजावून सांगे.

एकदा कर्नल पुन्हा बदलला. "तुझ्यावरचा शिक्का जुन्या कर्नलचा आहे," नव्या कर्नलने मोड्यूलला दारातच अडवलं. बाहेर हात मोडलेली म्हातारी ताटकळत होती.

मोड्यूल थकून, प्रोग्राम घडवणाऱ्या कंपायलरदादाकडे गेला. "नुसता नवा शिक्का मारून देऊ?" दादाने विचारलं.

"नको. या नव्या कर्नलनेही आधीच्यांसारख्या कुणाला न सांगता आतल्या खोल्या हलवल्यात. मी भलत्याच दारात शिरलो तर सगळंच बंद पडेल. पुन्हा घडव."

नव्या कर्नलच्या खोल्यांचा नकाशा समोर ठेवून दादाने त्याला अकराव्यांदा घडवलं. म्हातारीचं हाड पडद्यावर उमटलं.

"शाब्बास," कर्नल म्हणाला. "उद्या मी पुन्हा बदलतोय."

दादाने अवजारं आवरलीच नाहीत.