येसूआत्याने चूल विझवली

तळ्याच्या पाण्यावर अजून कुणी हक्क सांगितला नव्हता, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. डोंगरांच्या मधोमध एक मोठे तळे होते आणि त्याच्या काठाला दगडी घरांची एक ओळ होती. थंडी तिथे कडाक्याची पडे. म्हणून प्रत्येक घरात भिंतीला धरून मोठी चूल असे आणि चुलीवरून छपराबाहेर जाणारे उंच धुराडे.

या घरांना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. पूर्वजांनी पेटवलेला विस्तव त्यांनी कधी विझू दिला नव्हता. निजताना निखारे राखेत झाकायचे आणि सकाळी फुंकून पुन्हा फुलवायचे. सणाला तळ्यात दिवे सोडताना पहिला मान अशा अखंड विस्तवाच्या घरांना मिळे. आता चूल कधी थंडच होत नाही म्हटल्यावर धुराड्यात हात कोण घालणार? बाहेरून मात्र दर वर्षी पांढराशुभ्र रंग देत आणि तळ्यातले प्रतिबिंब बघून खूश होत.

त्यांतल्या एका घराची कर्ती बाई होती येसूआत्या. एके सकाळी ती कांदे काढायला माळ्यावर चढली. तोल सावरायला तिने धुराड्याला टेकलेल्या तुळईवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. तुळई गरम होती. वाकून पाहिले तर लाकूड काळे पडले होते. दगडांच्या सांध्यांतला चुना तळ्याच्या दमट वाऱ्याने इतका सडला होता की नखाने खरवडताच पिठासारखा गळला. आतल्या भेगांतून झळ थेट लाकडाला लागत होती.

खाली तिची सून बसली होती. तिचे दिवस भरत आले होते.

येसूआत्या खाली उतरली आणि म्हणाली, "चूल विझवायची."

दुरुस्तीला बोलावलेले गावातले गवंडी हात जोडून म्हणाले, "आत्या, दुसरं काहीही सांगा. जुना विस्तव विझवल्याचं पाप आम्हाला नको."

"बरं. मग मीच करते."

तिने निखारे राखेसकट मडक्यात भरले आणि ती शेजारच्या मानाजीकडे गेली. मानाजी त्या ओळीतला सगळ्यांत मानाचा माणूस. तिने विचारले, "काम होईपर्यंत एवढं मडकं तुमच्याकडे ठेवाल का?"

"परक्या घरचा विस्तव मी आत घेत नाही," मानाजी म्हणाला. "आणि आत्या, आमचंही धुराडं जुनंच आहे. आम्ही काही मेलो नाही अजून!"

येसूआत्याने मडके आपल्याच ओसरीवर ठेवले आणि पदर खोचला. दोराला दगड बांधून, त्याच्यावर बोरीच्या काटेरी फांद्या करकचून आवळून तिने तो धुराड्यातून वरखाली ओढला. काजळीचे ढीगच्या ढीग खाली आले. मग ती सांधा न् सांधा कोरू लागली. बेलफळाचा गर आणि गुळाचे पाणी घालून सुनेने चुना मळून दिला. हात सोलवटले, पाठ धरली, येणारेजाणारे हसले. पण काम थांबले नाही. जळकी तुळई कापून तिने धुराड्यापासून वीतभर लांब ठेवली आणि खाली दगडी टेकू दिला.

अशात एके दुपारी तळ्यावरून वाऱ्याचा झोत आला. पाण्याचे शिंतोडे ओसरीपर्यंत उडाले आणि मडक्यातले निखारे चर्र करून विझले.

सून रडवेली झाली. "आत्याबाई, कुणी पाहिलं नाही. गारगोटीने पेटवू आणि तोच विस्तव आहे म्हणून सांगू."

येसूआत्याचेही डोळे भरले होते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने तो विस्तव जपला होता. तरी ती तळ्याच्या घाटावर गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या घरचा जुना विस्तव विझला. चुना वाळला की मी नवा पेटवीन."

चुना वाळल्यावर तिने गारगोटीने नवा विस्तव पेटवला. सणाला तिचा मान गेला. ओळीतले सगळे दिवे पाण्यात तरंगू लागल्यावर शेवटी तिने आपला दिवा सोडला. तिला वाईट वाटले, खूप वाटले. पण घरी येऊन तिने आधी तुळईला हात लावून पाहिला. तुळई गार होती.

दुसऱ्या दिवशी मानाजीकडे पंगत होती. चुलीत लाकडांवर लाकडे रचली होती आणि वारा पिसाटला होता. पाने मांडली जात असताना धुराड्यातून घुमल्यासारखा आवाज आला. आत साचलेल्या काजळीने पेट घेतला होता. बघता बघता ठिणग्या भेगांतून बाहेर पडल्या आणि माळा धडधडून पेटला.

माणसे बाहेर पळाली. तळ्यापासून दारापर्यंत रांग लागली आणि घागरी हातोहात पुढे सरकू लागल्या. मानाजी मात्र चुलीसमोर हात पसरून उभा राहिला. "इथे पाणी ओतू नका! पूर्वजांचा विस्तव आहे!"

"अहो, तोच तर घर खातोय!" येसूआत्या ओरडली. तिने त्याला बाजूला ढकलले आणि घागर सरळ चुलीत पालथी केली.

माणसे वाचली. घर वाचले नाही.

मानाजीची मुले-नातवंडे येसूआत्याच्या चुलीभोवती शेकत बसली. तो स्वतः दाराबाहेर कुडकुडत उभा होता. या घरचा विस्तव त्याने आपल्या दारात घेतला नव्हता, आता इथल्या चुलीपाशी बसायचे कसे?

"आत या, मानाजी," येसूआत्या म्हणाली. "विस्तव जुना की नवा, हे भाकरीला कळत नाही."

तो आत आला आणि मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "घर उभं राहिलं की चुलीला तुमच्याकडचाच विस्तव द्याल?"

"देईन की. पण आधी हे घ्या," म्हणून तिने कोपऱ्यातला काट्यांचा दोर त्याच्या हातात ठेवला. "आधी धुराडं, मग विस्तव."

तेव्हापासून थंडीच्या तोंडावर त्या काठावरची सगळी घरे एक दिवस चुली विझवू लागली. त्या दिवशी धुराडी झाडत, सांधे भरत आणि संध्याकाळी येसूआत्याच्या घरी आधी नवा पेटवलेला विस्तव नेत. पहिला दिवा सोडायचा मान पुढे तिच्या नातीकडे आला. तिच्या जन्माच्या वेळी पाणी तापले होते ते त्याच नव्या विस्तवावर.

बोध: जे मनापासून जपायचे असते, ते दुरुस्तीसाठी काही काळ थांबवण्याची हिंमतही ठेवावी लागते.