शेठच्या ताडपत्रीला दिसणारी रेघ

कोंडवेळ बंदरात किनाऱ्याजवळचं पाणी लहान होड्यांसाठी राखीव होतं. त्र्यंबकशेठचा ट्रॉलर त्यात घुसला आणि नागूबायची जाळी फाडून गेला. चौकशीच्या दिवशी शेठ अधिकाऱ्यासमोर पाय पसरून बसले.

"साहेब, पाण्यावर कुणी रेघ ओढून ठेवलीय का? ट्रॉलर चालवतो तो माझा हा तांडेल. हद्द कुठे लागली ते त्याला कळलंच नाही."

अधिकाऱ्यालाही ते पटू लागलं. नागूबाय मात्र शेठला सोडून मागे उभ्या असलेल्या तांडेलाकडे वळली.

"शेठचं खरं आहे. आमचे जुने तांडेल पाण्याचा रंग बघून जागा सांगायचे. तुला कुठून कळणार बाबा? ट्रॉलरच्या नंबरावर ताडपत्री पडली होती, तीसुद्धा वाऱ्यानेच पडली असेल."

तांडेलाला ते झोंबलं. "वाऱ्याने? हद्द लागली की ताडपत्री मी टाकतो आणि बाहेर पडलो की मीच काढतो. हातभरसुद्धा चूक होत नाही माझी."

शेठनी डोळे मिटून घेतले.

"लिहून घ्या साहेब," नागूबाय म्हणाली. "शेठला रेघ दिसत नाही, पण त्यांच्या ताडपत्रीला बरोबर दिसते."