कच्चा सांधा

एकदा एका तालुक्याच्या गावी चारुशीला नावाची एक स्त्री चित्रीकरणाचा व्यवसाय करीत असे. तिची साधने स्वस्तातली होती, आणि स्वस्त साधन बाळगणाऱ्याला दुरुस्ती यावीच लागते. म्हणून दोन वर्षांपासून ती शिवलिंगतात्यांकडे दुरुस्तीचे काम शिकत होती. तात्यांचे सारे आयुष्य व्यापाऱ्यांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात गेले होते. ते बोलत थोडे आणि न सांगता करीत फार.

त्याच गावच्या तालमीत हौसाक्का नावाच्या वृद्ध वस्ताद होत्या. दांडपट्टा त्यांच्यासारखा फिरवणारे पंचक्रोशीत कोणी उरले नव्हते. वैद्यांनी हात उचलायलाही मनाई केली असताना, पुढच्या शिष्यांना पाहता यावे म्हणून, एकदाच आणि शेवटचा पट्टा फिरवायचे त्यांनी कबूल केले. त्याचे चित्रीकरण चारुशीलेकडे आले. तालमीने त्यासाठी शहरातून मोठा कॅमेरा मागवला, आणि तिथेच तिच्या जिवाला घोर लागला.

वस्तादांभोवती चालत चित्रीकरण करायचे, तर कॅमेरा हातात स्थिर राहायला हवा. त्यासाठी तिच्यापाशी एक साधा स्टॅबिलायझर होता : एक नळी, वर कॅमेरा, खाली तोलाला वजन, आणि मध्ये मूठ. मूठ आणि नळी यांच्यामध्ये चहूकडे वळणारा एक सांधा. त्यामुळे हाताचा हादरा कॅमेऱ्यापर्यंत पोचत नसे. पण तो होता किलोभर वजनाच्या कॅमेऱ्यासाठी. नवा कॅमेरा भरला पावणेतीन किलो.

चारुशीला आठवडाभर खपली. तिने कॅमेऱ्याखालची पट्टी जाड केली, नळी लांब केली, तळाशी लोखंडी चकत्या वाढवल्या. तोल जुळला, तरी मन ठरेना. रिंगणाच्या कडेला तालमीतली लहान मुले मांडी घालून बसणार होती. कॅमेरा निसटून त्यांच्यावर पडला तर? वस्तादांच्या पायात आला तर? अशी शंका आली की ती आणखी एक स्क्रू आवळी. जेवताना घास हातातच राही. यंत्र हातात घेऊन ती खोलीत चार पावले चाले, तेही जपून, आणि हलकेच खाली ठेवून देई.

आदल्या दिवशी दुपारी तिने ते तात्यांना दाखवायला नेले. ‘बरे आहे’ एवढे दोन शब्द ऐकायला तिचे कान आतुर झाले होते. तात्यांनी यंत्र नीट न्याहाळले आणि तिला कॅमेरा काढून ठेवायला सांगितले. मग त्यांनी जमिनीवर पोते अंथरले, कॅमेऱ्याच्या जागी दोरीने पाच किलोचे वजन बांधले, मूठ धरली आणि हाताला सणसणीत हिसका दिला. पुन्हा दिला. तिसऱ्या हिसक्याला मुठीपाशी कडकन आवाज झाला आणि आठवड्याची मेहनत पोत्यावर आडवी झाली.

चारुशीलेच्या पायाखालची जमीन सरकली. उद्या सकाळी आठला काम आहे, हे तिने तात्यांना दोनदा सांगितले. तात्यांनी मोडलेला सांधा उचलून तिच्या तळहातावर ठेवला. दिसायला धातूचा, आतून ठिसूळ.

“याला हात का नाही लावलास?” त्यांनी विचारले.

ती म्हणाली, “तिथंच मोडेल असं वाटत होतं, तात्या. म्हणून तिकडं बघतच नव्हते.”

“मग आज मोडला ते बरं झालं. पोत्यावर मोडला, पोरांवर नाही.” तात्या शांतपणे म्हणाले. “तू आठवडाभर भक्कम जागाच भक्कम करत बसलीस, कारण तिथं हात लावायला भीती वाटत नव्हती. ओझं असं करत नाही, पोरी. ते सगळं सोडून नेमकी कच्ची जागा शोधतं. आपली भीतीही तीच जागा दाखवत असते. तिला गप्प करायचं नसतं, ती कुठं बोट दाखवते ते बघायचं असतं.”

मग दोघे कामाला लागले. नट आवळायच्या तात्यांच्या जुन्या गोटीपान्यांच्या संचात चहूकडे वळणारा एक पोलादी सांधा होता. तो घट्ट होता. घासून, तेल पाजून त्यांनी तो हलका केला आणि मुठीवर बसवला. या वेळी पाच किलोचे वजन चारुशीलेने स्वतः बांधले. हिसका देताना तिने डोळे मिटले. दहा हिसके झाले. सांधा टिकला.

तिला वाटले, आता छातीवरची धोंड उतरेल. ती उतरली नाही. तात्या तिच्याकडे पाहत होते. त्यांनी एवढेच विचारले, “आता कच्चं काय राहिलं?”

चारुशीलेने कॅमेरा बसवला, घड्याळ समोर ठेवले आणि यंत्र हाती धरून अंगणात गोल फिरू लागली. पोलाद हलले नाही. पण चौथ्या मिनिटाला तिचे मनगट थरथरू लागले आणि पाचव्याला यंत्र खाली ठेवावे लागले. पट्टा चालणार होता दहा मिनिटे.

सकाळी तालमीत माणसे जमली होती, मुले रिंगणाला बसली होती. चारुशीला यंत्र घेऊन दाराशी थांबली. आता कसे सांगायचे? म्हातारीने शेवटचे म्हणून उचललेल्या शस्त्राला आपल्या हातासाठी थांबवायचे? पण ती सरळ हौसाक्कांपाशी गेली, वाकून नमस्कार केला आणि हलक्या आवाजात म्हणाली, “आक्का, माझा हात चार मिनिटांच्या वर टिकत नाही. मधे दोनदा थांबता आलं तर बरं होईल.”

हौसाक्का पट्ट्याच्या लोखंडी खोबळ्यात हात घालत होत्या. त्यांनी मान वर केली. आजूबाजूला कोणी ऐकत नाही हे पाहिले आणि दीर्घ श्वास सोडला.

“बाई, माझा तीनच मिनिटं टिकतो,” त्या म्हणाल्या. “दहा मिनिटं कशी निभवायची, या काळजीनं चार दिवस डोळ्याला डोळा नाही. सांगायचं कुणाला?”

मग त्या दोघींनी आपसात ठरवले, अडीच-अडीच मिनिटांचे चार डाव. आणि वस्ताद रिंगणात उतरल्या.