हरभटांच्या मुलाची मुंज

या, सावलीत बसा. देवळामागचा हा जांभ्या दगडाचा कट्टा दिसतो ना, आमच्या वेळणखोल गावातल्या सगळ्या मुंजी इथेच लागतात. कुणाचं अंगण कितीही मोठं असो, घरी मुंज करत नाहीत.

फार पूर्वी इथे हरभट खांबेट्यांच्या मुलाची, त्र्यंबकची मुंज होती, असं सांगतात. सकाळचा मुहूर्त. बापलेक एका उपरण्याखाली बसले होते. गायत्रीचे तीन चरण. बापाने एकेक कानात सांगायचा, मुलाने मागून म्हणायचा. पहिला झाला आणि खाडीकडून किंकाळ्या आल्या. भरतीबरोबर चाच्यांची गलबतं आत शिरली होती. माणसं कापायची, पोरं धरून विकायची, हा त्यांचा धंदा.

मांडव रिकामा झाला. लोक डोंगराकडे पळाले. हरभटांची बायको उमाबाई ओरडली, "उठा! पोराला घ्या नि चला!"

"अर्ध्यात नाही उठता येत," ते उपरण्याआडून म्हणाले.

दुसरा चरण सांगत असतानाच त्यांच्या पाठीत भाला घुसला. तोंडातून रक्त आलं, तरी त्यांनी चरण पुरा केला म्हणे, आणि मुलाच्या मांडीवर कोसळले. चाच्याने त्र्यंबकला शेंडीला धरून ओढलं. मांडवात घाणा भरण्याच्या विधीचं, आंब्याची पानं बांधलेलं मुसळ होतं. उमाबाईने ते उचलून चाच्याच्या डोक्यात घातलं. कवटी फुटली. दुसऱ्याने तलवारीने तिचा डावा हात कोपरापासून तोडला. उरलेल्या हातातल्या मुसळाने तिने त्याचा गुडघा मोडला आणि तो पडल्यावर तोंड ठेचलं. डोंगरावरून लोक हे बघत होते. त्यांना स्वतःची शरम वाटली. कोयते घेऊन ते खाली धावले. ओहोटी लागली तेव्हा एकही चाचा जिवंत नव्हता.

उमाबाई नवऱ्याच्या प्रेताशेजारी बसली. रक्ताने भिजलेलं उपरणं तिने स्वतःवर आणि मुलावर ओढलं. गावचे म्हातारे शास्त्री म्हणाले, "बाई, हा अधिकार तुझा नाही."

"मग ह्यांना उठवा," ती म्हणाली.

शास्त्री बाजूला झाले. नवरा रोज संध्या करताना पुटपुटायचा तो तिसरा चरण तिने मुलाच्या कानात सांगितला. त्र्यंबकने तो म्हटला. मग तिचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं, ते पुन्हा वर आलं नाही.

त्र्यंबक वेद शिकला, संसाराला लागला. स्वतःच्या मुलाच्या मुंजीत दोन चरण सांगून तो उठला आणि बायकोला म्हणाला, "आता तू ये."

आजही आमच्याकडे बाप दोन चरण सांगून बाजूला होतो आणि आई उपरण्याखाली जाते. माझी आई इतकं हळू बोलली होती की मला दोनदा विचारावं लागलं. बाहेर सारा गाव गप्प उभा होता. कुणीही घाई केली नाही.