ढालमाशाचा डोह

एका राज्यात राजा होता, प्रजा होती आणि एक डोह होता. डोह काय, कुठेही असतात. पण हा डोह अलीकडे रोज हातभर वर चढायचा आणि उतरायचं नाव घेत नसे. राजाच्या आजोबांचा खजिना एका जोगिणीच्या शापाने त्यात बुडाला होता. पाणबुडे थकले, खजिना सापडेना. डोहात सापडायचा तो एकच, ढालमासा. नावेएवढा लांब, पाठीवर हाडांच्या ढालींची रांग, नाकाखाली चार मिशा, तोंड पोटाच्या बाजूला, आणि त्या तोंडात दात म्हणून एक नाही. राजा हिरण्यकेतूने ठरवून टाकलं, की खजिना असणार तो माशाच्या पोटात.

राज्यातले पट्टीचे मासेमार एकेक करून उंच काठावरून गळ टाकायला गेले. दोर हलला की गेलेला माणूस उभ्या जागी दगड व्हायचा. शेवटी गेला हैबती भोई, खाली पाण्यालगत उभा राहिला, आणि तोही दगड झाला. त्याची बायको हौसा. जिभेने फटकळ, हाताने उतावळी. भाकरी फुगायच्या आत उलटायची. हैबती हसून म्हणायचा, "हौसे, जरा दम धर की!" आता तो डोहाच्या काठाशी दगड होऊन उभा होता आणि पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं. जोगिणीचे शब्द सगळ्यांना पाठ होते: पाणी डोक्यावरून गेलं, की दगड तो कायमचा दगड.

हौसा काठावर ऊर बडवून रडत होती. वर अर्जुनाच्या फांदीवर खंड्या बसला होता.

"बाई, रडून झालं की सांग," खंड्या म्हणाला. त्या राज्यात पाखरं बोलत; उगाच मात्र बोलत नसत.

"तुला काय करायचंय?"

"मासे धरणं हा माझा पिढीजात धंदा. हे सगळे दगड का झाले, ते मी इथून पाहिलंय. ढालमासा आमिष चावत नाही, चोखतो. दोर जरा थरथरला की हे लोक हिसका देत. हिसका दिला की गळ सुटतो आणि शाप लागतो. दोर ताठ धरावा आणि गप्प बसावं. मासा वळला की गळ आपला आपण रुततो."

"मेल्या, मग आधी का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं नाही. आता तीन गोष्टी आण. दोर, गळ आणि आमिष."

दोर वळणारी चेटकीण सावरीच्या रानात राहायची. तिने हौसेच्या अंबाड्याकडे बोट दाखवलं. "ताग तुटतो, केस ताणतो. देतेस?" हौसेचे केस गुडघ्यापर्यंत होते आणि हैबतीचा त्यांच्यावर भारी जीव. तिने कोयत्याने ते मुळापासून कापून पुढ्यात ठेवले. चेटकिणीने केसांत ताग मिसळून असा दोर वळला, की ओढावा तितका लांबावा आणि सोडला की जागेवर यावा.

गळ घडवणारा राक्षस डोंगराच्या पोटात भट्टी पेटवून बसला होता. "टोक आत वळलेला गळ घडवीन," तो म्हणाला, "पण घण चालू असताना तोंडातून शब्द काढलास तर लोखंड तडकेल." आणि घणाबरोबर तोच बोलू लागला. पांढऱ्या पायाची! नवरा गिळून आलीस! हौसेला कुणी असं बोलावं आणि तिने ऐकून घ्यावं? पण तिने ऐकलं. जीभ चावली, तोंडात रक्त आलं, तरी ओठ उघडले नाहीत. गळ थंड होऊन हातात पडला तेव्हा मात्र ती म्हणाली, "मेल्या, विझो तुझी भट्टी!" भट्टी तिथल्या तिथे विझली. अजून पेटलेली नाही.

आमिषासाठी राजाने आपल्या मुदपाकखान्यातून केशर लावलेलं मांस पाठवलं होतं. खंड्याने मान फिरवली. "ढालमाशाचे डोळे मंद, मिशा तेज. तो चिखलात वास हुडकत फिरतो. वेताळाच्या दलदलीतले कुजके शिंपले आण. आणि तिथे नाकाला पदर लावू नकोस. लावणाऱ्याला दलदल गिळते." हौसा गेली. त्या वासाने डोळ्यांतून पाणी आलं, पदर मात्र खांद्यावरच राहिला. ओंजळभर शिंपले घेऊन ती परतली.

परतली आणि तिच्या काळजाचं पाणी झालं. डोह हैबतीच्या हनुवटीला टेकला होता.

तिने गळाला शिंपल्यांचं मांस लावलं, आमिष तळाशी बसावं म्हणून दगड बांधला, दोराचे वेढे अर्जुनाच्या खोडाला घातले आणि गळ टाकला. मागे राजा पालखीतून उतरला. सगळा दरबार श्वास रोखून उभा होता.

दोर थरथरला. अगदी हलका, कुणी खालून बोट लावावं तसा.

"हिसका दे!" राजा ओरडला.

पाणी हैबतीच्या ओठांवर आलं. हौसेचे हात शिवशिवत होते. सगळा जन्म ती घाईने जगली होती आणि आज घाईचं कारण समोर बुडत होतं. "दम धर, हौसे," तिने स्वतःलाच बजावलं. दोर पुन्हा थरथरला. मग हळूहळू ताठ झाला, आणि मासा वळला.

काय ती ओढ! खोडाची साल सोलून निघाली. मासा पळाला की ती वेढा सैल करी, दमला की आवळून घेई. ढालमासा पाण्याबाहेर उसळला, अख्खा, मिशांपासून शेपटीपर्यंत. दोर क्षणभरही लुळा पडला असता तर गळ निसटला असता. तिने पडू दिला नाही. हातांची सालटी निघाली. अखेर मासा उथळ पाण्यात येऊन पडला, धापा टाकत.

"पोट पाहिलंस केवढं!" राजा म्हणाला. "फाड! माझा मांत्रिक तुझा नवरा उठवील. राजाचं वचन आहे."

हौसा कोयता घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरली. माशाच्या पोटाखाली हात घातला आणि थबकली. पोट मऊ होतं, गच्च भरलेलं होतं. भोयाच्या बायकोला हे सांगावं लागत नाही.

"महाराज, ही मादी आहे. हा खजिना नाही, गाबोळी आहे, पोट अंड्यांनी भरलंय."

"फाड म्हणतो ना!"

तिने हैबतीकडे पाहिलं. नाकपुड्या पाण्याखाली गेल्या होत्या. वर डोळे आणि कपाळ तेवढं उरलं होतं. हैबतीने जन्मात गाबोळीची मादी कापली नव्हती. जाळ्यात आली की हातांनी उचलून परत सोडायचा. म्हणायचा, हिला कापणं म्हणजे नदीचं घर मोडणं. हौसा हुंदके देऊन रडू लागली. "धनी, तुम्हाला उठवण्यासाठी हिला कापू? मग उठल्यावर तुम्हाला तोंड कसं दाखवू?"

राजाचा धीर सुटला. त्याने काठावरून दोर पकडला आणि हिसका दिला. तत्क्षणी त्याची बोटं दगड झाली, मग मनगट, मग खांदे. हौसेने तिकडे पाहिलंही नाही. तिने त्या बिनदाती तोंडात कोपरापर्यंत हात घातला, गळ अलगद फिरवून काढला आणि मासळीला खोल पाण्याकडे लोटलं. "जा बाई," ती म्हणाली.

डोहाने हैबतीचं कपाळ झाकलं. टाळू तेवढी वर राहिली.

मासळीने एक वळसा घेतला आणि पाण्यावर तोंड काढलं. "याच डोहात या राजाच्या आजोबांनी माझ्या आईचं भरलं पोट फाडलं. त्या दिवशी जोगिणीने शाप दिला. मी भरल्या पोटाची असताना मला धरून कुणी आपल्या हातांनी सोडलं, तरच तो फिटणार होता. आज फिटला."

डोह उतरू लागला. कपाळ दिसलं, नाक दिसलं, खांदे दिसले. चिखलात खजिन्याचे हंडे उघडे पडले, पण हौसा तिकडे धावली नाही. ती धावली त्या दगडाकडे, आणि दगडाने खोकून तोंडातलं पाणी थुंकलं. उंच काठावरचे सारे मासेमारही हातपाय झाडत उभे राहिले. राजाचीही बोटं सुटली. त्याने हातातला दोर खाली टाकला. मग त्याने दवंडी पिटवली, की आजपासून या राज्यात गाबोळीच्या मादीला कोयता लावायचा नाही.

हैबतीने हौसेच्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"मासा गळाला लागला?"

"लागला. सोडला."

"गाबोळीची होती?"

"होय."

"मग बरं केलंस," हैबती म्हणाला, आणि दोघं घरी गेली. त्या दिवशी हौसेने भाकरी पुरती फुगू दिली. डोह अजून तिथेच आहे, आणि पावसाआधी त्यात ढालमाशांची पिल्लं मावत नाहीत.