जळालेली गाठ

"मग चूक झाली कुठे, मॅडम?"

डॉ. निनाद शेटेने तिसऱ्यांदा तेच विचारलं.

केंकरे मॅडम समोरच्या पडद्याकडे बघत होत्या. तीस वर्षं यकृताच्या शस्त्रक्रिया केलेली ही बाई मोजकंच बोलायची.

"चूक नाही," त्या म्हणाल्या.

पडद्यावर यशवंत कोष्टींच्या यकृताचा सीटी स्कॅन होता. इचलकरंजीतले यंत्रमाग दुरुस्त करणारे मिस्त्री, वय अठ्ठावन्न. तीन महिन्यांपूर्वी निनादने सोनोग्राफीत बघत बघत बरगड्यांमधून सुई घातली होती आणि कॅन्सरची गाठ जागच्या जागी जाळली होती. पोट फाडलं नाही, टाका घातला नाही. दुसऱ्या दिवशी कोष्टी चालत घरी गेले. त्या जळालेल्या गाठीचे फोटो निनादने दोन परिषदांत दाखवले होते. टाळ्याही मिळाल्या होत्या.

"बघा ना, गाठ पूर्ण जळालीय. कडासुद्धा स्वच्छ."

"हो."

"आणि या सहा नव्या..."

"त्याही दिसतायत मला."

"मग माझं काय चुकलं?"

मॅडमनी हात पुढे करून पडदा बंद केला.

"कोष्टींना सांगितलंस?"

"रिपोर्टमध्ये लिहिलंय," निनाद म्हणाला.

"ते सकाळपासून बाहेर बाकावर बसलेत."

एवढंच बोलून त्या हात धुवायला गेल्या.

निनाद बाहेर आला. कोष्टी भिंतीला टेकून बसले होते. डोळे पिवळे झाले होते, पाय सुजलेले. त्याला पाहून ते उठायला लागले. निनादने त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि स्वतःही शेजारी बसला.

"गाठ गेली न्हवं, डॉक्टर?"

"ती गेली... पण दुसऱ्या आल्यात. सहा."

"मग पुन्हा सुई घाला की."

"आता नाही घालता येणार. यकृताला सोसायचं नाही. औषधंसुद्धा झेपणार नाहीत."

कोष्टींनी सुजलेले पाय बाकाखाली ओढून घेतले.

"किती दिवस?"

"दोन महिने... कदाचित कमी. दुखणार नाही एवढं मात्र बघू आम्ही."

"मालकीण खाली चहा आणायला गेलीया," कोष्टी हळूच म्हणाले. "तिला तुम्हीच सांगा. मला जमायचं न्हाई."

ती आली. हातात चहाचे दोन कप होते. डॉक्टर नवऱ्याच्या शेजारी बसलेले बघून तिचा चेहरा उजळला. स्वतःचा कप तिने निनादच्या हातात दिला.

"तुमच्यामुळं वाचलं बगा हे," ती म्हणाली.

निनादने तिला सांगितलं. ती रडली नाही. तिने नवऱ्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि परत काढलं... मग पुन्हा लावलं.

निनाद आत आला तेव्हा टेबलावर दुसरी पेशंट झोपवलेली होती. पोटावर खूण केली होती. सुई तयार होती.

"मॅडम, ही केस तुम्ही करा."

"का?"

त्याने हात पुढे केला. बोटं थरथरत होती.

मॅडमनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"दहा मिनिटं बस. थरथर थांबेल," त्या म्हणाल्या. "पण सगळी थांबू देऊ नकोस."