हिरकणी कक्षाची किल्ली

वाहतूक नियंत्रक गुंजाळसाहेबांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. एसटी स्टँडवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष होता, पण त्याची किल्ली साहेबांच्या खिशात. उघडा ठेवला तर बायका आत झोपा काढतील, पंखासुद्धा पळवतील, अशी त्यांची खात्रीच होती.

एका दुपारी मोनाली रडतं बाळ घेऊन त्यांच्या टेबलाशी आली. साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"किल्ली देतो, पण तारण ठेव."

तिनं मोबाइल पुढं केला.

"हा जुनाट डबा? टाकून पळालीस म्हणजे? जे सोडून तू जाणारच नाहीस, असं काहीतरी ठेव."

"बरं," म्हणत मोनालीनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं, किल्ली उचलली आणि गेली.

बाळानं टाहो फोडला. सगळं स्टँड बघायला लागलं. साहेबांनी शिट्टी वाजवून पाहिली, तर बाळानं सूर आणखी चढवला. शेवटी साहेबच बाळाला घेऊन कक्षाकडं धावले.

"बाई, घे हे तुझं तारण."

"असं कसं साहेब? किल्ली अजून माझ्याकडंच आहे. पळाले म्हणजे?"

"पळ, पण याला घेऊन पळ."

त्या दिवशी दाराचं कुलूप निघालं. पंखा अजून जागेवरच आहे.